ओळ चुकली नाही

त्या घरात माणसं तीनच होती, पण राहायचे चौघं: बाबा, मोठी, धाकटी भिंगरी आणि ती चुकलेली ओळ. ओळीला खायला-प्यायला लागत नसे, अंथरूण-पांघरूण लागत नसे, पण पाहुणा आला की सगळ्यांत आधी तिचीच ओळख करून दिली जाई.

त्याचं असं झालं होतं. मोठी शाळेत असताना निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसली होती. गावाबाहेरच्या टेकडीवरची ती शाळा. एकदा का पोरगं तिथे गेलं, की राहणं, जेवण, पुस्तकं, पुढचं शिक्षण, सगळा घोर मिटला. जागा मोजक्या, आणि वयाची अट अशी की जन्मात एकदाच बसायला मिळायचं. प्रश्न एका पुस्तिकेत आणि उत्तरं वेगळ्या कागदावर. त्या कागदावर लिहायचं काही नाही. प्रत्येक प्रश्नाच्या आकड्यापुढे चार गोल, त्यातला एक काळ्या पेनाने भरायचा. कागद माणूस तपासत नव्हता, यंत्र तपासायचं. मोठीने मधलं एक गणित सोडलं. अपूर्णांकाचं होतं. मग पुढच्या प्रश्नाचं उत्तर तिने त्या सोडलेल्या ओळीतच भरलं, आणि तिथून खाली सगळी उत्तरं एकेक ओळ वर सरकली. शेवटचा प्रश्न झाला आणि बघते तर खाली एक ओळ रिकामी उरलेली.  तेवढ्यात घंटा झाली आणि कागद हातातून गेला. यादीत तिचं नाव आलं नाही. पोरगी हुशार आहे, फक्त जरा सरकली आहे, हे त्या यंत्राला कोण सांगणार?

बाबा एका मोठ्या, कचेऱ्यांनी भरलेल्या इमारतीत लिफ्टमन होते. ही गोष्ट त्यांनी लिफ्टमध्ये सांगून सांगून इतकी घोटली होती की तळमजल्यावर 'आमची मोठी फार हुशार हो' असं सुरू केलं की चौथ्या मजल्याचं दार उघडताना ते बरोब्बर 'एक ओळ चुकली, नाहीतर आज' इथे येऊन पोचायचे. 'नाहीतर आज'च्या पुढे काय, ते कधी कोणी ऐकलं नाही. तोवर ऐकणारा उतरून गेलेला असायचा.

मोठी आता लाँड्रीत कामाला होती. आलेल्या प्रत्येक कपड्याला कापडाची छोटी पट्टी टोचायची, पट्टीवर न पुसणाऱ्या शाईने नंबर, तोच नंबर पावतीवर. हे काम सोपं वाटतं, पण एक पट्टी इकडची तिकडे झाली की एकाचा कोट दुसऱ्याच्या घरी जातो आणि दोघंही दुकानात येऊन शंख करतात. मोठीच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मालकीणबाई नव्या पोरींना सांगायच्या, "हिच्याकडून शिका. ही खरं म्हणजे इथे असायचीच नाही. ओळ चुकली बिचारीची." बाबांच्या इमारतीतले पडदे याच लाँड्रीत धुवायला यायचे. धुतलेल्या पडद्यांचं गाठोडं घेऊन मोठी लिफ्टमध्ये शिरली की बाबा आत उभ्या असलेल्या साहेबांना म्हणायचे, "हीच ती." साहेब चुकचुकायचे. मोठी मान खाली घालायची. पण खरं सांगायचं तर तिला ते ऐकायला बरं वाटायचं. लाँड्रीत वाफेने हात सोललेली बाई असणं वेगळं, आणि हुशार असून नशिबाने लाँड्रीत आलेली बाई असणं वेगळं. तेवढ्या एका फरकावर ती उभी होती.

भिंगरी रांगत होती तेव्हाच आई गेली. तिला न्हाऊ-माखू घालणं, शाळेत सोडणं, तापात उशाशी बसणं, सगळं मोठीनेच केलं. पोरीच्या पायाला भिंगरी, म्हणून नाव भिंगरी. एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं. जेवताना उठायची, अभ्यास करताना उठायची, झोपेतसुद्धा पलंगाच्या या टोकावरून त्या टोकाला जायची. आता तिचं परीक्षेचं वय झालं होतं.

"हिची ओळ मी चुकू देणार नाही," मोठीने ठरवलं. आणि तिने जिवाचं रान केलं.

लाँड्रीतल्या जुन्या पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर शर्टाचं बटण ठेवून तिने गोल काढले, आकडे घातले, ओळी आखल्या. एक कागद मनासारखा झाल्यावर त्याच्या ढीगभर प्रती काढून आणल्या. बाबांनी काळी पेनं आणली, तीही शाई न गळणारी, एका साहेबांच्या खास ओळखीने. संध्याकाळी लाँड्रीतून आली की हातपाय धुऊन मोठी टेबलाशी बसायची आणि भिंगरीला समोर बसवायची.

"डावं बोट?"

"प्रश्नाच्या आकड्यावर."

"उजव्या हातातलं पेन?"

"कागदावरच्या त्याच आकड्यावर."

"मग?"

"दोन्ही आकडे मनात म्हणायचे. सारखे आले तरच भरायचं."

"आणि फूटपट्टी?"

"ओळीच्या खाली. एक भरली की एक खाली."

गोल कसा भरायचा याचाही एक अभ्यास होता. मधून सुरुवात, गोल गोल फिरत कडेपर्यंत, कडेच्या बाहेर नाही. अर्धा भरला तर यंत्राला दिसत नाही, बाहेर गेला तर शेजारचा गोलही भरल्यासारखा दिसतो. खोडायचं तर नाहीच. बैठक क्रमांक आधी चौकटीत आकड्यांनी लिहायचा, मग त्याखालचे गोल भरायचे, मग उलट्या बाजूने पुन्हा वाचायचा. पुस्तिकेवरचं संचाचं अक्षर आधी बघायचं, मग तेच कागदावर भरायचं. आणि जे येत नाही ते सोडायचं, कारण चुकीच्या उत्तराला गुण कापतात. सोडणं हीच तर खरी परीक्षा. मोठीचा घात सोडण्यानेच केला होता.

या सरावात प्रश्न नसायचे. मोठी नुसती पुकारायची, "अकरावी, क. बारावी, अ. तेरावी सोड. चौदावी, ड." भिंगरी भरत जायची. सुरुवातीला दर चार ओळींनी तिचा पाय हलायचा, मग मान वळायची, मग ती उठून खिडकीशी. मोठीने दटावलं, चुचकारलं, एकदा पाठीत धपाटाही घातला आणि मग स्वतःच रडली. हळूहळू पोर बसायला लागली. मग मोठीने अडथळे आणले. मध्येच ताटली पाडायची, मध्येच विचारायचं, "तुझ्या चपला कुठेत गं?" भिंगरीची पापणीसुद्धा लवायची नाही. पट्टी एक ओळ खाली यायची आणि पेन बरोबर आकड्यावर टेकायचं.

"यंत्रच झालीये," बाबा कौतुकाने म्हणाले.

एका संध्याकाळी भिंगरीने पुस्तक आणलं. "ताई, एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश मिळवायचे, तर आधी खालचे आकडे सारखे का करायचे?"

मोठी उद्याच्या पट्ट्यांवर नंबर घालत होती. "करायचे म्हणजे करायचे. रीत आहे तशी."

"पण का? तसेच मिळवले तर काय होतं?"

मोठीचा हात थांबला. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसं तिला झालं. रीत तिने पाठ केली होती, कधीकाळी. सारखे करायचे, मग वर गुणायचं, का भागायचं? ती पट्टीवरची शाई वाळतेय का बघत राहिली.

"येत नाही त्याच्या मागे लागू नये," ती म्हणाली. "येत नसेल तर काय करायचं?"

"सोडायचं."

"कसं सोडायचं?"

"पुस्तिकेत त्या प्रश्नावर खूण करायची. कागदावर ओळ कोरी ठेवायची. पट्टी एक ओळ खाली."

"शाब्बास," मोठी म्हणाली, आणि भिंगरीने पुस्तक मिटलं.

पुढच्या आठवड्यात शाळेतल्या गणिताच्या बाई लाँड्रीत कोट टाकायला आल्या. मोठीने कोट उलटा करून कॉलरच्या आतून पट्टी टोचली. बाई जराशा घुटमळल्या.

"तुमची बहीण कागद फार सुंदर भरते हो," त्या म्हणाल्या. "वर्गात सराव घेतला तर एक गोल वाकडा नाही."

मोठीची छाती फुगली.

"पण अपूर्णांक तिच्या डोक्यात शिरलेले नाहीत. पोर चुणचुणीत आहे, समजावलं की समजतं तिला. शाळा सुटल्यावर थोडे दिवस माझ्याकडे पाठवा. मला काही नको. संध्याकाळचा तासभर मिळाला तरी पुष्कळ."

संध्याकाळ म्हणजे कागदाचा सराव. मोठीला एकदम राग आला. आमच्या घरात हुशारी कमी आहे, असं ही बाई माझ्या तोंडावर सांगते? हुशारीची काळजी या घराने कधी केलीच नव्हती. हुशारी होतीच, घात झाला तो कागदाने. हे सगळ्या इमारतीला माहीत होतं, आणि या बाईंना नव्हतं.

"तिला येतं सगळं," ती म्हणाली. "घाई करते म्हणून चुकते. परीक्षा होऊ दे, मग बघू."

"परीक्षेनंतर काय बघणार?" बाई म्हणाल्या. पण मोठीने पावती फाडून पुढे केली, आणि मागे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं.

परीक्षेच्या दिवशी फाटकावर ही गर्दी. आया-बाप पोरांना शेवटचं काहीबाही सांगत होते, आणि पोरं कोणाचंच ऐकत नव्हती. फाटकावरच्या माणसाने भिंगरीची पट्टी काढून घेतली. "आत फक्त पेन." बाबांचा चेहरा पडला. पण मोठी काय कच्च्या गुरूची चेली होती? तिने हेही गृहीत धरलं होतं. ती नुसती भिंगरीकडे बघत राहिली.

"पुस्तिकेची कड," भिंगरी म्हणाली. "दुमडून."

"जा."

ती गेली. पळत नाही, उड्या मारत नाही, सरळ चालत गेली. मागे वळूनही पाहिलं नाही. मोठी इतकी खूश होती की शेजारच्या अनोळखी बाईला तिने आपल्या डब्यातलं बिस्किट दिलं.

पेपर सुटला. भिंगरी बाहेर आली ती हसतच. "ताई, एकपण ओळ नाही चुकली! शेवटी शेवटच्या प्रश्नाला शेवटचीच ओळ आली. दोनदा बघितलं."

मोठीने तिला उचलूनच घेतलं, एवढी थोराड पोर. इतकी वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं. पेपर कसा होता, हे तिने विचारलंच नाही. बाबांनीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये गोष्टीला नवा शेवट आला: "मोठीची चुकली, पण तिने धाकटीची चुकू दिली नाही." हे तिसऱ्या मजल्यापर्यंतच संपायचं, म्हणून चौथ्यापर्यंत बाबा नुसते हसत उभे राहायचे.

निकालाची यादी फलकावर लागली. बाबा अर्ध्या दिवसाची रजा काढून आले. मोठीने वरून खाली वाचलं, मग खालून वर. मग बाबांनी बोट ठेवून वाचलं. नाव नव्हतं.

 भिंगरी दोघांच्या मध्ये उभी राहून एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती.

"ओळ चुकली असणार," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण त्या दुःखाला टेकायला ओळखीची जागा सापडली होती. त्यांनी भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला. "असू दे गं. ताईचीही चुकली होती."

"नाही चुकली, बाबा."

"कळत नाही त्या वेळी. ताईलाही शेवटपर्यंत कळलं नव्हतं."

"मी दोनदा बघितलं! ताई, सांग ना बाबांना!"

मोठीने भिंगरीकडे पाहिलं. पोरगी खोटं बोलत नव्हती. पण मग नाव कुठे गेलं? तिने डोळ्यांत तेल घालून जो हात तयार केला, तो चुकला कसा? नंबराची पट्टी बदलल्यासारखं काहीतरी परीक्षेच्या कचेरीतच झालं असणार. दुसऱ्या कोणाचा कागद हिच्या नावावर गेला असणार.

"कागद बघायला मिळतो," ती म्हणाली. "अर्ज केला की दाखवतात. आपण बघायचा."

"कशाला?" बाबा म्हणाले. "काय उपयोग?"

"माझ्या हाताखालून गेलेला कागद आहे तो. मला बघायचाय."

तिघं परीक्षेच्या कचेरीत गेली, तेव्हा तिथे एक कारकून बसला होता, कपाळावर चष्मा सरकवलेला. त्याने अर्ज घेतला, आतून एक पातळ पाकीट आणलं, भिंगरीचा कागद टेबलावर ठेवला, आणि तो ठेवता ठेवता स्वतःच वाकला.

"अरे वा," तो म्हणाला. "हा कोणी भरला? तू?" त्याने पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. "इकडे ये जरा. असे भरायचे असतात गोल. नमुना म्हणून छापावा असा कागद आहे."

तो माणूसही आला, त्यानेही मान डोलावली. भिंगरी क्षणभर हसली आणि तिने ताईकडे पाहिलं. बैठक क्रमांक बरोबर. पुस्तिकेचं अक्षर बरोबर. गोल सगळे भरीव, काळेभोर, कडेच्या आत. मोठी त्या कागदाकडे नुसती बघत राहिली. असा कागद तिला स्वतःला एकदा भरायचा होता.

मग कारकुनाने बरोबर उत्तरांचा तक्ता शेजारी ठेवला. "हं. ताडून बघा."

मोठीने डावं बोट तक्त्यावर ठेवलं आणि उजवं कागदावर. भाषेच्या ओळी जुळत गेल्या. बरोबर, बरोबर, एक चूक, बरोबर. मग गणित आलं. चूक. कोरी. कोरी. चूक. बरोबर. कोरी. पुढे पुन्हा कोरी. आणि प्रत्येक कोऱ्या ओळीनंतरचं उत्तर आपल्या जागी, बरोब्बर आपल्याच ओळीत. एकही वर सरकलेलं नव्हतं, एकही खाली नाही. किती नीट सोडलं होतं पोरीने. मोठीचं बोट खाली जायचं थांबेना, आणि तिला वाटत होतं की आता कुठेतरी ती ओळ सापडावी. देवा, एक ओळ तरी सापडू दे.

"एखादी इकडची तिकडे झाली असेल," बाबा मागून म्हणाले. "जरा बघा ना, साहेब."

"एकही नाही हो."

"मग यंत्राने..."

"यंत्र काय करणार? हाताने मोजा, तेवढेच भरतील." कारकून काही वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "कागदात काही खोट नाही. मुलीचं गणित कच्चं आहे, एवढंच. शिकेल की."

भिंगरी खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिचा पाय हलत नव्हता, मान वळत नव्हती. ती तिच्या त्या सुंदर कागदाकडे बघत होती.

परतताना बाबा पुढे चालत होते. मोठीने भिंगरीचा हात धरला होता. तो गार होता. दुकानांच्या पायऱ्या, सांडलेलं पाणी, उभ्या केलेल्या हातगाड्या, एरवी या रस्त्यावर तिला सांभाळता सांभाळता नाकीनऊ यायचे. आज ती मुकाट चालत होती. चालता चालता ती म्हणाली, "ताई."

"काय गं?"

"तुझी निदान ओळ तरी चुकली होती." मग ताईकडे बघत, "माझं काय सांगायचं?"

मोठीला उत्तर द्यायचं होतं.  तिने पोरीचा हात आणखी घट्ट धरला, आणि भिंगरीने दुखतंय म्हणून तो सोडवून घेतला.

घरी आल्यावर बाबांनी गणवेशाचा कोट खुंटीला लावला. भिंतीकडे तोंड करूनच ते म्हणाले, "भिंगरे, कोणी विचारलं तर सांगायचं, एक ओळ..."

"नाही चुकली, बाबा."

"अगं, सांगायला काय जातं आपलं?"

 भिंगरी टेबलाशी गेली. तिथे बटणाच्या गोलांचा गठ्ठा अजून तसाच पडला होता, कितीतरी कोरे कागद उरलेले. तिने ते बाजूला सारले, खालून गणिताचं पुस्तक काढलं आणि ते उघडून ताईसमोर धरलं. रागाने नाही. विचारायचं राहून गेलेलं काही माणूस विचारतं, तसं तिने विचारलं. "खालचे आकडे सारखे का करायचे?"

खोली लहान होती. बाबांना ऐकू जाणारच होतं. मोठीने खुंटीकडे पाहिलं, कोटाच्या बाहीवर अजून टेकलेल्या त्यांच्या हाताकडे पाहिलं. हुशार असून लाँड्रीत आलेली बाई अजून एखाद्या मिनिटाची सोबतीण होती, हे तिला कळत होतं.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "तेव्हाही माहीत नव्हतं."

"तेव्हा म्हणजे?"

"मी सोडलं होतं ना एक गणित. हेच होतं. आणि याच्यापुढचीही दोन-चार अंदाजपंचेच भरली होती."

बाबांनी वळून पाहिलं नाही. कोटाची बाही त्यांनी उगाच सरळ केली, मग पुन्हा सरळ केली. कितीतरी वर्षांत एवढं साधं विचारायचं त्यांच्या मनात आलं नव्हतं, की पोरीने ते गणित सोडलं होतं का. आता विचारायची गरज उरली नाही. त्यांनी पाण्याचा तांब्या घेतला, प्यायले नाहीत, परत ठेवला.

दोन दिवसांनी मोठी भिंगरीला घेऊन गणिताच्या बाईंच्या घरी गेली. दारात उभी राहून काय बोलायचं ते तिने रस्त्यात जुळवलं होतं, पण बाईंनी तिला बोलूच दिलं नाही. "या," म्हणाल्या आणि आत चहा ठेवायला गेल्या. चहाचे कप बाहेर आणून ठेवल्यावर त्यांनी मोठीच्या पिशवीतून डोकावणारी एक पाठकोरी पावती मागून घेतली आणि तिच्या दोन सारख्या पट्ट्या कापल्या. एकीचे तीन भाग केले, दुसरीचे चार.

"हा एक तुकडा यातला, हा एक तुकडा त्यातला. दोन्ही मिळून किती?"

"दोन," भिंगरी म्हणाली.

"दोन काय? तुकडे सारखे आहेत का?"

भिंगरीने तुकडे एकावर एक ठेवले. एक मोठा, एक लहान. "नाहीत."

"मग एकत्र मोजायचे कसे?"

ती विचार करत राहिली. कपातून वाफ येत होती. "आणखी बारीक कापायचे," ती सावकाश म्हणाली. "दोन्हीचे सारखे तुकडे होतील इतके. याचे चार, त्याचे तीन. मग मोजायचे. सात." तिने वर पाहिलं. "सगळी पट्टी बारा तुकड्यांची. बारातले सात."

"झालं," बाई म्हणाल्या. "खालचे आकडे सारखे करायचे म्हणजे हेच."

चहा अजून गरम होता. भिंगरी खूश होईल असं मोठीला वाटलं होतं. पोरीने तुकडे हातात घेतले, खाली ठेवले, पुन्हा घेतले. मग तिने मान वळवून ताईकडे पाहिलं.

"एवढंच होतं?" ती म्हणाली.

बाईंनी कप मोठीच्या पुढे सरकवला. मोठीने तो दोन्ही हातांनी धरला आणि खाली पाहून पीत राहिली. पुढच्या वर्षी बसता येणार नव्हतं. वयाची अट तिलाही माहीत होती आणि बाईंनाही.

पुढच्या आठवड्यात पडदे तयार झाले. मोठीने गाठोडं खांद्यावर घेतलं आणि बाबांच्या इमारतीत गेली. लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरचे एक साहेब होते, वर्षानुवर्षं ती गोष्ट ऐकलेले, भला माणूस. तिला बघून ते बाजूला सरकले.

"काय हो," ते बाबांना म्हणाले, "धाकटीची परीक्षा होती ना? काय झालं तिचं?"

बाबांनी दार ओढलं, कळ दाबली. "आमची धाकटी फार..." सवयीने सुरू झालं आणि तिथेच अडलं. गाठोड्यावरून त्यांनी मोठीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली नाही. बोलायचं असेल तर बोला, मी काही म्हणणार नाही, असं तिला डोळ्यांनी सांगायचं होतं. त्यांना ते समजलं की नाही कोण जाणे. पहिला मजला गेला, दुसरा गेला. साहेब अजून तोंडाकडे बघत होते, त्यांचं चुकचुकणं ओठांवर तयार होतं. तिसरा गेला.

लिफ्ट थांबली.

"चौथा मजला," बाबा म्हणाले, आणि त्यांनी दार उघडलं.